दोन सेकंद चालणारी गाडी

रविवार, २ मार्च

वीज कंपनीच्या तक्रार विभागात एकतीस वर्षं काढली, शेवटची नऊ विभागप्रमुख म्हणून. काम हाती घेतलं की त्याची नोंद ठेवायची, हे अंगात मुरलेलं. निवृत्त होऊन चार महिने झाले, पण नोंद ठेवावी असं काही घडलं नव्हतं. आज घडलं. गाडीचं इग्निशनचं कुलूप, म्हणजे चावी फिरवायची जागा, मी स्वतःच्या हातानं बदललं.

गाडी सोळा वर्षांची. गेलं वर्षभर चावी सरळ फिरत नव्हती. स्टिअरिंग डावीकडे ओढायचं, चावी केसभर बाहेर घ्यायची, थोडी मनधरणी करायची, मग फिरायची. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये मिस्त्रीला दाखवली. तो म्हणाला, दोन दिवस ठेवा, करून देतो. मी विचारलं, नेमकं काय करणार आणि कोणत्या क्रमानं? तर म्हणाला, "काका, तुम्ही तिकडे सावलीत बसा." मी गाडी घेऊन परत आलो.

फोनवर चार व्हिडिओ पाहिले. तासाभराचं काम म्हणतात. मला साडेचार तास लागले, कारण मी नीट करतो. स्टिअरिंगखालचं झाकण काढलं, जुनं कुलूप काढलं, नवं बसवलं. एक काळं कडं उरलं. प्लास्टिकचं, बांगडीएवढं, त्याला दोन बारीक वायरी. जुन्या कुलपाभोवती होतं, नव्यावर बसेना. व्हिडिओतल्या गाडीला असं कडं नव्हतंच, तेव्हा ते शोभेचं असणार. झाकणाच्या आत खोचून ठेवलं.

नवी चावी लोण्यात सुरी जावी तशी फिरली. इंजिन लगेच सुरू झालं आणि दोन सेकंदांनी बंद पडलं. अकरा वेळा करून पाहिलं. अकराही वेळा दोनच सेकंद.

सुरू होते, हे महत्त्वाचं. बंद पडते, हा तपशील. तो उद्या बघू.


सोमवार, ३ मार्च

खाली गाडीत बसून तीन तास विचार केला. समोर डॅशबोर्डवर चावीचं चित्र असलेला एक लाल दिवा सारखा उघडझाप करतो. त्यानं चित्त विचलित होतं. त्यावर काळी चिकटपट्टी लावली. आता बरं वाटतं.

शेजारचे दंतवैद्य येऊन डोकावले. म्हणाले, बॅटरी. त्यांचं असं आहे की दुखणं वरवरचं दिसलं तरी मूळ खोल असतं. बॅटरीची टोकं घासून चकचकीत केली. दोन सेकंद.


मंगळवार, ४ मार्च

आजची अडचण खरी. मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी दहाला आक्कांना व्यायामाच्या केंद्रात न्यायचं असतं. आक्का म्हणजे हिची थोरली बहीण, वय अडुसष्ट. न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. पाच आठवडे आमच्याकडेच आहेत. आमच्याकडे लिफ्ट आहे; त्यांचं घर पहिल्या मजल्यावर, तिथे लिफ्ट नाही. पंचवीस तारखेला डॉक्टर तपासणार. एक मजला स्वतःच्या पायांनी चढल्या तर त्यांना घरी जाता येईल. नाही तर त्यांचा मुलगा ते घर विकून त्यांना आपल्याकडे परदेशात नेणार आहे. मुलाचा फोन आला की आक्का खिडकीजवळ जाऊन बसतात.

त्यांच्या ने-आणीची पूर्ण जबाबदारी मी घेतली होती. गाडी थेट पायरीला लावायचो. मी आणि ही दोन्ही बाजूंनी धरायचो. केंद्रात पोहोचलो की चाकांची खुर्ची. पाच आठवड्यांत मी त्यांना एक पाऊल एकटीनं टाकू दिलं नाही. पाण्याचा पेलासुद्धा मीच हातात देतो. तिथली व्यायाम करून घेणारी मुलगी मला दर वेळी बाहेर बसायला सांगते. तिला वाटतं मी फार प्रश्न विचारतो.

आज त्या दोघी टॅक्सीनं गेल्या. ही म्हणाली, तुम्ही राहा, गाडीचं बघा.


गुरुवार, ६ मार्च

टॅक्सी आलीच नाही. मी फोनवर तक्रार नोंदवत होतो तेवढ्यात या दोघी निघूनही गेल्या. पायी. फाटकापासून बसथांब्यापर्यंत तीनशे चाळीस पावलं आहेत. मी नंतर मोजली.

यायला तासभर उशीर. आक्कांचा चेहरा लालबुंद झाला होता, दोघींचं बोलणं चालूच होतं आणि आक्कांच्या पदरावर आइसक्रीमचा डाग होता. माझ्या हलगर्जीपणामुळे त्या माउलीला काय सोसावं लागलं. मी माफी मागितली. आक्का म्हणाल्या, असू दे हो भाऊजी, तुम्ही मुद्दाम का केलंत? आणि हिच्याकडे बघून हसल्या. त्रासातही हसतात. मोठं मन.


शुक्रवार, ७ मार्च

फ्यूज तपासले. सव्वीस. सगळे ठणठणीत. शिवाय बोनेटखाली हात घातला तेव्हा एक नट खाली पडला तो सापडत नाही.

हिनं विचारलं, मिस्त्रीला विचारून बघू का? मी म्हटलं, त्याला काही एक विचारायचं नाही. बरं, म्हणाली आणि कोथिंबीर आणायला गेली. कोथिंबिरीला पाऊण तास लागला. परत आली ती वेगळ्याच मनःस्थितीत. "तुम्हीच करायचं ठरवलंय ना? मग सावकाश करा. मुळीच घाई नको," म्हणाली, आणि मला न मागता चहा आणून दिला.

लग्नाला चौतीस वर्षं झाली. इतका विश्वास हिनं कधी दाखवला नव्हता. भरून आलं.


शनिवार, ८ मार्च

दोघी पुन्हा बसनं. मी निषेध नोंदवला. ऐकून घेतला गेला.


मंगळवार, ११ मार्च

आज मोठी प्रगती. वायरींची जोडणी उलटसुलट झाली असावी, हा माझा तर्क. स्टिअरिंगखालची सगळी जोडणी सोडून पुन्हा केली. चावी फिरवली तर वायपर चालू झाले. चावी काढून घेतली तरी चालूच. बॅटरीची वायर काढेपर्यंत कोरड्या काचेवर ते करकर करत राहिले आणि समोरच्या इमारतीतले लोक गॅलरीत येऊन माझ्याकडे बघत होते. एकानं हात हलवला. मीही हलवला. दुसरं काय करणार?

जोडणी पूर्ववत केली. दोन सेकंद.

संध्याकाळी ही म्हणाली, अजून आठवडाभर तरी लागेल, नाही का? मी म्हटलं, नाही, परवापर्यंत होईल. तिचा चेहरा पडला. काळजी करते बिचारी.

आक्का आता बसथांब्यावर जाताना वाटेत थांबत नाहीत, असं पहारेकरी सांगत होता. पहिल्या दिवशी तीनदा थांबल्या होत्या म्हणे. दम लागून बसायला जागा नाही म्हणून थांबत नसतील. मी सोसायटीच्या सचिवांना तिथे बाक ठेवण्याबद्दल अर्ज दिला आहे.


गुरुवार, १३ मार्च

हे लिहावं की नाही, असा प्रश्न पडला. पण नोंद ती नोंद.

दंतवैद्यांनी सुचवलं, उतारावरून ढकलून सुरू करू. आमच्या रस्त्याला उतार आहे आणि उताराच्या टोकाला मिस्त्रीचं गॅरेज. मी आत बसलो, त्यांनी ढकललं. गाडीनं वेग घेतला, मी दुसरा गिअर टाकून क्लच सोडला, इंजिन धडधडून सुरू झालं आणि मी विजयानं हॉर्न वाजवला. मग ते बंद पडलं. गाडी घरंगळत गेली ती बरोबर गॅरेजच्या दारात थांबली. एक फूट इकडे नाही, एक फूट तिकडे नाही.

मिस्त्री स्टुलावर चहा पीत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, एक घोट घेतला. काही म्हणाला असता तर मी उत्तर दिलं असतं. तयारच होतं.

गाडी वर ढकलत नेणं आलं. दंतवैद्य एका बाजूला, मी एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्या बाजूला. निम्म्यात दोघांचीही छाती फुटायची वेळ आली. आणि एकदम गाडी हलकी झाली. मागे वळून पाहतो तर बसमधून उतरलेल्या आक्का. काठी डाव्या हातात आणि उजवा हात डिकीवर. पदर खोचलेला. शेजारी हीसुद्धा ढकलत होती.

मी थांबवलं असतं, पण तोंडातून शब्द फुटेल एवढा दम नव्हता. फाटकापर्यंत त्या तशाच आल्या. दंतवैद्य पायरीवर बसले. मी बसलो. आक्का म्हणाल्या, पाणी आणू का? आणि आणलं.


शनिवार, १५ मार्च

माझी चूक नाही, या निष्कर्षाला आलो आहे. भागच सदोष आहे. तो बनवणाऱ्या कंपनीला सविस्तर तक्रार पाठवली. अकरा मुद्दे, चार छायाचित्रं. भाषा सौम्य, पण धार असलेली. तक्रार कशी लिहावी, हे मला शिकवायला नको. मी रोज शंभर वाचत असे.


मंगळवार, १८ मार्च

उत्तर आलं.

"आपली तक्रार नोंदवून घेण्यात आली आहे. सदर भाग योग्य रीतीनं बसवला असल्यास असा दोष उद्भवत नाही. आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत."

मधलं वाक्य मी ओळखतो. "सदर मीटर योग्य रीतीनं हाताळल्यास असा दोष उद्भवत नाही." नऊ वर्षं आमच्या विभागातून हेच जात असे. मसुदा माझाच. चांगलं वाक्य आहे, त्यात कुठे बोट ठेवायला जागा नाही. आणि ते पाठवायला तक्रार वाचावी लागत नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

एकदा एक म्हातारे गृहस्थ ते पत्र हातात घेऊन माझ्या टेबलापाशी आले होते. म्हणाले, साहेब, माझ्या घरात उजेड नाही. मी त्यांना पत्रातलं तेच वाक्य वाचून दाखवलं होतं.

दुपारभर गाडीत बसून होतो. काही केलं नाही. मग उतरलो आणि उताराखाली चालत गेलो. मिस्त्री चाक काढत होता. मी म्हटलं, "गाडी सुरू होत नाही. मला समजत नाही." हे वाक्य मी याआधी कधी बोललो होतो का, आठवत नाही. तो उद्या सकाळी येतो म्हणाला. आणि स्टूल पुढे सरकवलं. सावलीतच होतं. मी बसलो.


बुधवार, १९ मार्च

मिस्त्री आला, दार उघडून बसला आणि पहिल्याच दमात त्यानं काळी चिकटपट्टी सोलून काढली. "हा दिवा कोणी झाकला?"

मी म्हटलं, डोळ्यांत येत होता.

मग त्यानं समजावून सांगितलं. जुन्या चावीच्या काळ्या मुठीत तांदळाएवढी एक चिप असते. कुलपाभोवतीचं ते कडं म्हणजे गाडीचा कान. चावी आत आली की कडं चिपची ओळख पटवून घेतं. ओळख पटली नाही तर गाडी दोन सेकंद चालते आणि इंजिन बंद करते. म्हणजे चोरी होऊ नये म्हणून केलेली सोय. मी कान कापून आत खोचला होता आणि नव्या चाव्यांत चिपच नव्हती.

"गाडी अगदी ठीक आहे, काका. ती तुम्हाला चोर समजते."

शेजारी येऊन उभे राहिलेले दंतवैद्य हसले. मीही हसलो, जरा उशिरा.

त्यानं कडं काढलं, त्याची एक कड कानशीनं घासली आणि नव्या कुलपावर बसवलं. मग म्हणाला, आता जुनी चावी लागेल. मी कपाळाला हात लावला. जुन्या कुलपासकट मी ती भंगारात दिली होती. एवढ्यात ही पुढे आली आणि पर्समधून दुसरी जुनी चावी काढून तिनं त्याच्या हातात ठेवली. घरात आम्ही ती दोन वर्षं शोधत होतो. मिस्त्रीनं मुठीतली चिप काढून नव्या चावीला चिकटवली, चावी फिरवली आणि गाडी सुरू झाली. दोन सेकंद झाले. दहा झाले. मी घड्याळ लावून चार मिनिटं मोजली.

सामान आवरताना मिस्त्री म्हणाला, "ताईंना मी त्याच दिवशी सांगितलं होतं, जुनी चावी सांभाळून ठेवा, कधीही बोलवा, अर्ध्या तासाचं काम आहे." ही म्हणाली, चहा गार होतोय, आणि लगबगीनं वर गेली.

कुठल्या ताई, कुठला दिवस, काही उलगडा झाला नाही. त्याच्याकडे दिवसभर दहा गिऱ्हाइकं येतात, गल्लत होत असेल.


गुरुवार, २० मार्च

सकाळी सातला गाडी धुतली. साडेनऊला पायरीला लावली, मागचं दार उघडलं, उशी ठेवली. दोघी खाली आल्या आणि गाडीला वळसा घालून फाटकाकडे चालू लागल्या.

मी म्हटलं, अहो, गाडी सुरू आहे. ही थांबली. आक्का पुढे जात राहिल्या. ही माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "गाडी सुरू होती तेव्हा आक्का बसून होती. बंद पडली तेव्हा ती चालली. मला दोन दिवसांत कळलं. तुम्हाला कसं सांगणार होते? तुम्ही इतक्या मनापासून तिला धरत होतात."

म्हणजे ताई म्हणजे हीच. आणि कोथिंबीर.

मला राग आला, हे नमूद करतो. सोळा दिवस मी बोटं सोलून घेतली, वायपरखाली शोभा करून घेतली आणि चावी हिच्या पर्समध्ये. मी गाडीत बसलो आणि त्यांच्या मागोमाग पहिल्या गिअरमध्ये निघालो. आक्का दमल्या, अडखळल्या तर कोणी तरी हवं ना? मागच्या गाड्या हॉर्न देत होत्या. देऊ देत.

औषधाच्या दुकानापाशी आक्का वळल्या आणि काठी टेकत माझ्या खिडकीशी आल्या. मला वाटलं, बसताहेत. मी दार उघडायला वाकलो.

"भाऊजी, एक सांगू का? राग मानू नका. तुम्ही जवळ असलात की मला पडायची भीती वाटते. तुमच्या तोंडाकडे बघूनच वाटते."

मी गाडी वळवून घरी आलो.


शुक्रवार, २१ मार्च

विशेष काही नाही. गाडी सुरू करून पाहिली. झाली. बंद केली.


शनिवार, २२ मार्च

हिच्याशी दोन दिवस बोललो नव्हतो. आज जेवताना बोललो. मीठ मागितलं. मग विचारलं, चढतील का आक्का? ही म्हणाली, माहीत नाही, जिना चढायचा सराव चालू आहे, पण पायऱ्यांना कठडा नसला की घाबरते. एवढं बोलून तिचे डोळे भरून आले. हिलाही भीती वाटत होती. इतके दिवस मला वाटत होतं, ती माझ्या गाडीची काळजी करते आहे.

मी म्हटलं, मंगळवारी मी येऊ का? बसनं.

दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. परवानगी मिळाली. अट एकच: डॉक्टरांना काही विचारायचं नाही.


मंगळवार, २५ मार्च

दवाखान्याच्या मागच्या बाजूचा जिना. अठरा पायऱ्या, मध्ये वळण, वळणावर कठडा नाही. डॉक्टर वर उभे, आम्ही दोघं खाली. आक्कांनी काठी हिच्याकडे दिली आणि निघाल्या.

सहाव्या पायरीवर त्यांचा तोल किंचित गेला. माझा हात आपोआप पुढे झाला, एक पाय पायरीवर पडलासुद्धा. हिनं मला अडवलं नाही. मीच पाय मागे घेतला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. एकतीस वर्षांत इतकं अवघड काम केलं नव्हतं. वळणावर त्या थांबल्या. एक हात भिंतीला टेकला, तिथेच श्वास घेतला. फार वेळ गेला. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. त्यांना एक गोष्ट विचारायची होती, ती मी गिळली. मग आक्का पुढच्या पायऱ्या चढल्या. शेवटच्या दोन तर भराभर.

वर पोहोचल्यावर डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, घरी जाऊ शकता. आक्कांनी तिथूनच मुलाला फोन लावला. घर विकायचं नाही, एवढंच म्हणाल्या आणि फोन पर्समध्ये टाकला. ही जिन्यातच बसून रडली. डॉक्टरांनी विचारलं, पाच आठवडे पाय उचलत नव्हता आणि तीन आठवड्यांत एवढी सुधारणा, कोणी करून घेतलं? आक्का म्हणाल्या, "आमच्या भाऊजींनी." डॉक्टरांनी माझा हात हातात घेऊन दाबला. मी खुलासा करणार होतो, पण मला बोलायची मनाई होती.

परतीच्या बसला गर्दी. दोन जागा रिकाम्या होत्या, त्या दोघी बसल्या. मी दांडीला लोंबकळत उभा. कधी काळी बसनं गेलो होतो, आता प्रत्येक वळणाला मी कोणाच्या तरी अंगावर जात होतो. एका बाईंनी मला, जरा नीट उभे राहा, असं सांगितलं. दुसऱ्या थांब्यानंतर माझ्या पोटऱ्या थरथरायला लागल्या. चेहऱ्यावर दिसू नये याची मी काळजी घेत होतो.

आक्का उठल्या. एका हातानं दांडी धरली, दुसऱ्यानं माझा दंड धरला आणि म्हणाल्या, "बसा भाऊजी. तुम्हाला सवय नाही."

मी नको म्हणणार होतो. बसलो.